फलाहारी वटवाघूळ आणि नॉस्टॉक (तुलना)

खानदेशात एकाच शिवारात नांदू शकणारे दोन भिन्न सजीव. भारतीय फलाहारी वटवाघूळ (टेरोपस मीडियस, जुने नाव टेरोपस जायगँटियस) हा सस्तन प्राणी आहे. नॉस्टॉक कम्यून हा सायनोबॅक्टेरिया गटातील जीवाणू असून या गटाला नील-हरित शैवाल असेही म्हणतात. वटवाघळांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. सायनोबॅक्टेरियांनी मात्र २०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच हवेत ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली होती.

शरीररचना : वटवाघळाच्या पसरलेल्या पंखांची रुंदी १.२ ते १.५ मी. असते. ते प्रतिध्वनीवर विसंबत नाही. मोठे डोळे आणि तीक्ष्ण नाक यांच्या आधारे रात्री फळे शोधते. नॉस्टॉकच्या पेशीत केंद्रक नसते. मण्यांच्या माळेसारखे त्याचे तंतू बुळबुळीत आवरणात गुंतलेले असतात.

उन्हाळा : जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५° से.पर्यंत चढतो. वटवाघूळ अशा वेळी पंखांनी वारा घेते आणि अंग चाटून ओले करते. तरीही उष्णतेच्या तीव्र लाटेत वटवाघळे दगावतात, म्हणून पाण्याजवळची गर्द झाडे त्यांना मोलाची. नॉस्टॉक वाळून काळपट, कुरकुरीत पापुद्रा होतो व त्याच्या जीवनक्रिया थांबतात. पाऊस पडताच तोच पापुद्रा पाणी शोषून फुगतो आणि हिरवट, लिबलिबीत होतो.

प्रजनन : वटवाघळाची मादी वर्षातून बहुधा एकच पिल्लू देते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. नॉस्टॉक तंतूंच्या तुकड्यांपासून वाढतो.

निसर्गातील कार्य : वटवाघळे मोहाच्या फुलांचे परागण करतात आणि वड-उंबराच्या बिया दूरवर पसरवतात. जळगावच्या केळीला फळधारणेसाठी परागण लागत नाही. बाजारासाठी घडही हिरवेच उतरवतात, त्यामुळे पिकल्या फळांवर येणाऱ्या वटवाघळांचा त्यांना फारसा उपद्रव होत नाही. नॉस्टॉकमधील जाड भित्तीच्या खास पेशी हवेतील नायट्रोजन स्थिर करतात व जमिनीचा कस वाढवतात.

संरक्षण : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलाहारी वटवाघळांची गणना पूर्वी उपद्रवी प्राण्यांत होती. २०२२ च्या दुरुस्तीने भारतीय फलाहारी वटवाघळाला अनुसूची २ मध्ये स्थान मिळाले. मात्र कायद्याइतकेच गावाचे वागणेही महत्त्वाचे आहे. वसतीचा जुना वड वा चिंच तोडली, तर अख्खा थवा बेघर होतो. पडीक माळ सरसकट नांगरला, तर नॉस्टॉकचा थर मोडतो. हे दोन्ही टाळणे गावाच्या हातात असून त्यातच शेतीचेही हित आहे.