शाळेची दुरुस्ती सुट्टीतच पूर्ण कशी करायची? ‘लीन’ नियोजनाची सोपी पद्धत

मे महिन्यात शाळा बंद होते आणि साधारण 15 जूनला (विदर्भात जूनअखेर) पुन्हा घंटा वाजते. मधले जेमतेम 45 दिवस. काम लांबलं की मुलं व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात बसतात, वर पाऊस सुरू. गवंडी हळू काम करतो म्हणून हे होतं का? बहुतेक वेळा नाही. वेळ जातो तो वाट पाहण्यात. वाळू आली नाही, वायरमन आला तर प्लास्टर झालेलं, फरशी आली तर खोली रिकामी नाही!

पद्धत आली कुठून?
वाया जाणारा वेळ आणि श्रम शोधून काढायचे, हा विचार जपानच्या टोयोटा कारखान्यातला. 1990च्या दशकात ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या अमेरिकन अभ्यासकांनी तो बांधकामात आणला. त्यांनी मोजलं, तेव्हा आठवड्यात ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी वेळेत पूर्ण होत होती. यातून ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत तयार झाली. थोडक्यात, प्रत्यक्ष काम करणाऱ्यानेच आठवड्याचा शब्द द्यायचा.

हिशोब बघा
समजा 4 खोल्या आहेत आणि 4 कामं: जुनं प्लास्टर फोडणं, वायरिंगचे पाइप टाकणं, नवं प्लास्टर, फरशी. प्रत्येक कामाला खोलीमागे 3 दिवस.

- चारही खोल्यांचं एक काम संपल्यावरच दुसरं सुरू केलं तर 48 दिवस. म्हणजे सुट्टी संपली.
- पहिली खोली मोकळी होताच पुढचा कारागीर आत गेला तर 21 दिवस. प्लास्टरवर पाणी मारायचे 7 दिवस वेगळे धरले तरी 28.

माणसं तितकीच, मजुरी तितकीच. वाचले 20 दिवस.

काय करायचं?

1. उलटं मोजा. शाळा सुरू होण्याच्या तारखेपासून मागे या. फरशी कधी संपली पाहिजे, त्याआधी प्लास्टर कधी, हे सगळ्या कारागिरांना एकत्र बसवून ठरवा. छताची गळती सगळ्यात आधी, नाहीतर आतलं नवं काम पहिल्याच पावसात खराब होतं.

2. अडथळे आधी काढा. पुढच्या 3-4 आठवड्यांच्या प्रत्येक कामापुढे लिहा: माल आला का, पाण्याची सोय आहे का, मंजुरी मिळाली का, खोलीतले बाक हलवले का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते काम या आठवड्यात धरू नका.

3. दर सोमवारी 15 मिनिटं बसा. गवंडी, वायरमन, सुतार, फरशीवाला यांनी आपापलं काम स्वतः सांगायचं. ‘बघतो’ हे उत्तर चालणार नाही. जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगायची मुभा मात्र हवी.

4. शनिवारी मोजा. 10 कामं ठरली, 7 झाली, तर फळ्यावर 70 टक्के लिहा. राहिलेल्या 3 कामांचं कारण शेजारी लिहा. कोणाला बोल लावायला नाही, तर तेच कारण पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ नये म्हणून.

घाई कुठे करू नये?
सिमेंटच्या कामाला पाणी मारण्याचे दिवस कापू नका. उन्हाळ्यात तर जास्तच काळजी घ्या. ओल्या भिंतीवर रंग दिला की पोपडे निघतात. भिंत सुकली नसेल तर रंग दिवाळीच्या सुट्टीवर ढकलला तरी वर्ग अडत नाही.

खर्च किती?
ही पद्धत वापरायला ना कॉम्प्युटर लागतो, ना सल्लागार. शाळेतलाच फळा आणि खडू पुरतो. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एकाने सोमवार-शनिवारची जबाबदारी घेतली की झालं. मात्र काम निघाल्यावर नाही, एप्रिलमध्येच पहिली बैठक घ्या.