अब्बांचं जब्र-मुकाबला

दहावीच्या मार्चच्या परीक्षेत मी गणितात नापास झालो. साल १९८६. त्या काळी बीजगणित आणि भूमिती असे गणिताचे दोन वेगळे पेपर असत. भूमितीत प्रमेयं घोकून थोडीफार अब्रू राखली होती, बीजगणितानं मात्र बुडवलं. मराठीत वर्गात पहिला आणि गणितात गचका, त्यामुळे गावात चर्चा फार झाली. आमच्या कोरपन्याच्या परिसरात तेव्हा सिमेंटचे कारखाने उभे राहत होते. गडचांदूर, आवारपूर ही नावं पोरांच्या तोंडी सतत असायची. आयटीआय केलं की कारखान्यात चिकटता येतं आणि आयटीआयला दहावी पास लागते, इतका सरळ हिशेब होता. या हिशेबात मी कुठंच बसत नव्हतो.

माझी गाडी अडली होती एका वाक्यापाशी. ऋण गुणिले ऋण बरोबर धन. 'का?' असं मी एकदाच विचारलं. शिकवणाऱ्यांनी डस्टर फेकून मारलं आणि 'पाठ कर' म्हणाले. शाळेचं आणि त्यांचं नाव सांगत नाही. साठ पोरांच्या वर्गात तेही बिचारे एकटेच होते. पण त्या दिवसापासून मी फळ्यावरच्या एक्सकडं बघायचंच सोडून दिलं. बीजगणित म्हणजे बियाण्याचं गणित असावं, असंही मला बरेच दिवस वाटत होतं. कापसाच्या मुलखातला पोरगा, बीज म्हटलं की आधी सरकीच आठवणार.

निकालानंतर तीन दिवस अब्बा काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी दुकान बंद करून आले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी त्यांनी खाली काढली. तिच्यात एक उर्दू पुस्तक होतं, पुठ्ठा गेलेलं, पानं पिवळी पडलेली. म्हणाले, "ये हमारा जब्र-ओ-मुक़ाबला है. कल से तू और मैं." मला वाटलं, कुस्तीचं पुस्तक दिसतंय. मुकाबला तर स्पष्टच होता आणि जब्रवरून मला जबरदस्ती आठवली.

हे पुस्तक आमच्या घरी कसं आलं, हे सांगायचं तर आमच्या मुलखाचा इतिहास थोडा सांगावा लागेल. राजुरा तालुका, ज्यात तेव्हा कोरपना होतं, १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातल्या आणि नंतर हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो आधी नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी सगळं बोललं जायचं, पण निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी तिथं भाषांतराचं खास खातं उघडलं होतं आणि गणितापासून वैद्यकापर्यंतची पुस्तकं उर्दूत आणायचं काम चाललं होतं. एका भारतीय भाषेत विद्यापीठाचं सगळं शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यामागचं राजकारण वेगळं. बहुसंख्य प्रजेची भाषा उर्दू नव्हती, हेही खरंच आहे.

अब्बा त्या उर्दूतून शिकले. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. शाळा सुटली ती सुटलीच. पुढं कचेऱ्यांची भाषा बदलली आणि त्यांचं शिक्षण कुठल्याच अर्जावर लिहिता येईना. त्यांनी किराण्याचं दुकान टाकलं. मी त्यांना कधी पुस्तक वाचताना पाहिलं नव्हतं. ते गणित शिकवू शकतील, हे घरात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पहिल्या रात्री त्यांनी उधारीची वही उघडली. "धन क्या? जो अपने पास है. ऋण क्या? उधारी." मराठी पुस्तकातले हे दोन शब्द मी वर्षभर वाचत होतो, पण ऋण म्हणजे खरोखरच कर्ज, हे डोक्यात आलं नव्हतं. ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये ऋणसंख्यांचे नियम लिहिले ते याच शब्दांत, धन आणि ऋण. हे मला फार पुढं कळलं. अब्बांनी ब्रह्मगुप्ताचं नाव कधी ऐकलं नसावं. त्यांनी एका गिऱ्हाईकाच्या खात्यावर बोट ठेवलं. पाच-पाच रुपयांच्या दोन उधाऱ्या होत्या. "ये दो मैंने काट दी. अब बोल, वो कितने से सुधरा?" दहानं. उधारी हे ऋण, काटणं हेही ऋण, दोन वेळा पाच काटले म्हणून तो दहानं वर आला. डस्टर खाऊन जे कळलं नव्हतं, ते पाच मिनिटांत कळलं.

या ठिकाणी अडलेला मी एकटा नव्हतो, याचा शोध मला कवितेच्या वाटेनं पुस्तकं वाचताना लागला. फ्रेंच कादंबरीकार स्तांधालनं आत्मचरित्रात हीच तक्रार केली आहे. कर्जाला कर्जानं गुणलं तर माणूस श्रीमंत कसा होईल, हे त्याला कोणी सांगेना. मास्तरही टाळायचे. इंग्लंडात विल्यम फ्रेंड नावाच्या गृहस्थानं १७९६ मध्ये बीजगणितावर पुस्तक लिहिलं आणि ऋणसंख्या मानायलाच नकार दिला. शून्यापेक्षा कमी काही असूच शकत नाही, असं त्याचं म्हणणं. मार्चच्या पेपरात त्याचीही माझ्यासारखीच गत झाली असती!

आता जब्रकडं येतो. सुमारे ८२० मध्ये बगदादला, खलिफा मामूनच्या काळात, मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यानं एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातल्या 'अल-जब्र' या शब्दावरूनच पुढं अल्जिब्रा झालं. जब्र या अरबी शब्दाचा एक अर्थ सक्ती, म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो. दुसरा अर्थ तुटलेलं हाड जागेवर बसवणं. स्पेनमध्ये तर हाड बसवणाऱ्याला कित्येक शतकं 'अल्जेब्रिस्ता' म्हणत. समीकरणात एका बाजूला काही वजा झालेलं असलं, की ती बाजू मोडलेली आहे. जेवढं गेलं तेवढं परत द्यायचं आणि न्यायानं तेवढंच दुसऱ्या बाजूलाही द्यायचं. हे जब्र. मग दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या करून सारखं असेल ते उडवायचं, हा मुकाबला. अब्बा म्हणायचे, "हड्डी टूटी है, पहले जोड़." आमच्याकडं बैलावरून पडलेल्या पोराला हाडवैदाकडं नेतात, त्यामुळे हे मला लगेच पटलं. शाळेत याचंच 'पक्षांतर करताना चिन्ह बदला' एवढं झालं होतं. का बदला, ते नव्हतं.

त्या जुन्या पुस्तकात एक्सच्या जागी 'ला' छापलेलं होतं. उर्दूत ला म्हणजे आण. "ला पूछ रहा है, ढूँढ के ला," असं अब्बा म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

ख्वारिझ्मीचं एक उदाहरण आजही जगभर शिकवतात. एका संख्येचा वर्ग आणि तिची दहापट मिळून ३९ होतात, तर संख्या कोणती? अब्बांनी दुकानाच्या फरशीवर कोळशानं चौकोन काढला. त्याची बाजू माहीत नाही. दहापट दोन ठिकाणी वाटली आणि चौकोनाच्या दोन बाजूंना पाच-पाच रुंदीच्या पट्ट्या जोडल्या. एवढं सगळं ३९. आता एक कोपरा रिकामा दिसतो, पाच बाय पाचचा, म्हणजे २५. तो भरला की मोठा चौकोन झाला ६४ चा. त्याची बाजू आठ. त्यातून पट्टीचे पाच काढले, उरले तीन. आमच्या पाठ्यपुस्तकात हीच 'पूर्ण वर्ग पद्धत' होती. मी तिची कृती आठ पायऱ्यांत पाठ केली होती आणि वर्ग पूर्ण करायचा म्हणजे खरोखरचा चौकोन पूर्ण करायचा, हे मला कोणीच दाखवलं नव्हतं. अम्मी दुसऱ्या दिवशी ती फरशी पुसायला निघाली तेव्हा मी भांडलो.

त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या गणितांचा आहे. बाई वारली, मागं नवरा, एक मुलगा आणि तीन मुली आहेत, तर इस्टेटीचे वीस भाग करायचे. नवऱ्याला पाच, मुलाला सहा, प्रत्येक मुलीला तीन. असलं एक गणित अब्बा सोडवत असताना माझी धाकटी बहीण जवळ बसली होती. मुलीला तीनच का, असं तिनं विचारलं. अब्बा बराच वेळ वहीकडं बघत राहिले. तो प्रश्न बीजगणिताचा नव्हता.

पण ही सगळी एकट्या बगदादची कमाई नव्हे. आमच्याच महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या कुशीत, १११४ मध्ये भास्कराचार्य जन्मले आणि ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. त्याच्या पाच वर्षं आधी, ११४५ मध्ये, ख्वारिझ्मीचं पुस्तक स्पेनमध्ये लॅटिनमध्ये उतरलं होतं. भास्कराचार्यांकडं अज्ञात संख्येला 'या' म्हणतात, यावत्तावत् याचं ते आद्याक्षर. एकाहून जास्त अज्ञात असले की रंग येतात. कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा. उर्दूचा 'ला' आणि संस्कृतचा 'या' शेजारी ठेवून बघा, एक म्हणतो आण आणि दुसरा मराठीत म्हणतो या. हा निव्वळ योगायोग आहे, पण कवीला तो सोडवत नाही.

त्यांचं माकडांचं गणित मला फार आवडतं. एका कळपाचा पाचवा हिस्सा घेतला, त्यातून तीन वजा केले आणि उरलेल्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. एक तेवढं फांदीवर दिसतंय. तर कळप किती? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पाच घेतलं तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. वर्ग केल्यावर चार येतात आणि हिशेब जुळतोही. पण उणे दोन माकडं कुठं असतात? भास्कराचार्य हे दुसरं उत्तर बाजूला ठेवतात. कारण काय, तर उघड्या ऋणसंख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही. एवढ्या मोठ्या माणसानं लोकांच्या अडचणीची नोंद घेतली, हे वाचून मला माझ्या डस्टरचं दुःख जरा कमी वाटलं.

चाळीसगावजवळ पाटण इथं १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. वरचा भाग संस्कृतात आहे, पण मठाला बाजारातून काय काय द्यायचं ते शेवटी मराठीत कोरलं आहे. गणिताची शाळा बाजारातल्या मालावर चालली, हे एका किराणा दुकानदाराच्या मुलाला सांगावंसं वाटणारच.

पुढं या ग्रंथांना फारसीत आणलं कोणी? लीलावतीचं भाषांतर १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीनं केलं. तो कवी होता. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी आणि घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही सर्वांना माहीत असलेली गोष्ट फैजीच्या प्रस्तावनेतून पसरली. कवीनं गणिताला हात लावला की असं होतं! बीजगणिताचं फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास झालं. भाषांतरकार अताउल्ला रशीदी. ताजमहालाच्या बांधणीशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरींचा हा मुलगा. याच फारसीवरून एडवर्ड स्ट्रॅची यानं १८१३ मध्ये इंग्रजी केलं. आणि पुढं दिल्ली कॉलेजात उर्दूतून शिकवणाऱ्या मास्टर रामचंद्रांनी बीजगणिताच्या जुन्या परंपरेचा आधार घेऊन १८५० मध्ये ग्रंथ लिहिला. लंडनच्या ऑगस्टस डी मॉर्गन यांनी तो १८५९ मध्ये तिकडं पुन्हा छापून घेतला. डी मॉर्गन यांचा जन्म आपल्या मदुराईचा. आणि ऋणसंख्या नाकारणारा तो विल्यम फ्रेंड, तो यांचाच सासरा!

ऑक्टोबरच्या परीक्षेला मी बसलो. कच्च्या कामाच्या रकान्यात सगळीकडं 'ला' लिहिलं आणि पक्कं करताना एक्स. बीजगणितात भूमितीपेक्षा सात गुण जास्त मिळाले. आयटीआयला मात्र गेलो नाही, पुढं बी. ए. केलं. अब्बांनी पुस्तक पेटीत ठेवलं आणि पुन्हा उधारीच्या वहीकडं वळले. पण त्यानंतर गल्लीतली दोन-चार पोरं संध्याकाळी दुकानात येऊन बसू लागली आणि फरशीवर कोळशाचे चौकोन पडू लागले.

१९९६ मध्ये एका लग्नासाठी आम्ही औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. अब्बांना बीबी का मकबरा बघायचा होता. मुख्य दरवाजावर बांधणाऱ्यांची नावं आहेत, वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. अब्बांनी चष्मा पुसून ती अक्षरं लावली. "अताउल्लाह," असं एकदा वाचलं. मी विचारलं, कोण हा? "होगा कोई मिस्त्री," ते म्हणाले आणि पुन्हा एकदा वाचलं.

हा तोच अताउल्ला, ज्यानं भास्कराचार्यांचं बीजगणित फारसीत नेलं. हे मी वाचलं ते २००९ मध्ये. अब्बा २००४ मध्येच गेले होते.