साच्यापासून कानशीपर्यंत : आपल्या वस्त्यांतील तांत्रिक शिक्षणाचा इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत धम्माविषयी, भिक्खुसंघाविषयी, बाबासाहेबांच्या चळवळीविषयी लेख असतातच आणि ते असावेतच. या वेळी आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. मुंबईच्या उपनगरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये घरटी एक तरी फिटर, टर्नर, वायरमन नाहीतर वेल्डर निघतो. ही माणसं कुठून आली? त्यांच्या हातात हे काम कोणी दिलं? आजोबा गिरणीत झाडूवाले किंवा रिंग खात्यात, बाप आयटीआय झालेला आणि नातू इंजिनिअर, अशी तीन पिढ्यांची चढण अनेक घरांत आहे. पण तिच्या मधल्या पायरीबद्दल फार कोणी लिहीत नाही. कॉलेजात गेलेल्यांचे सत्कार होतात. टेक्निकल शाळेत कानस मारून पुढे गेलेल्यांचे होत नाहीत.

दर पौर्णिमेला आपण मंगलसुत्त म्हणतो. त्यात तथागतांनी बहुश्रुत होण्याबरोबरच शिल्प, म्हणजे हातचे हुन्नर, शिकणे हेही मंगल सांगितले आहे. सिगालोवाद सुत्तात तर आईबापांच्या कर्तव्यांत मुलाला शिल्प शिकवणे हे एक कर्तव्य आहे. म्हणजे हा विषय धम्माच्या बाहेरचा नाही.

आता गिरणीपासून सुरुवात करू. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपले लोक मोठ्या संख्येने होते, पण सगळ्या खात्यांत नव्हते. ज्या खात्यात साचे चालत, म्हणजे प्रत्यक्ष कापड विणले जाई, त्या विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथेच अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार. मग अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर कसा घेणार? तोंडाने सूत ओढणे आरोग्याला घातक होते ते वेगळेच, पण त्याची फिकीर कोणाला नव्हती. फिकीर होती ती विटाळाची. त्यामुळे आपला माणूस रिंग खात्यात, सफाईत किंवा ओझी वाहण्यात राहिला.

१९२८ चा गिरणी कामगारांचा मोठा संप झाला, तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर हाच प्रश्न ठेवला. कामगारांची एकजूट म्हणता, तर विणकाम खाते अस्पृश्यांना उघडे करा. पुढाऱ्यांनी तो मुद्दा घेतला, पण मोठ्या नाखुशीने. मालकांनी हात वर केले, की ही बंदी आम्ही घातलेली नाही. एका अर्थी ते खरेही होते. बंदी घालणारा मालक नव्हता, शेजारच्या साच्यावरचा कामगार होता.

यातली एक गोष्ट आमच्या मते फार महत्त्वाची आहे. त्या काळी गिरणीत काम शिकायची शाळा नव्हती. जॉबर माणसे लावायचा, आणि तो आपल्या गावची, आपल्या नात्याची, आपल्या जातीची माणसे लावायचा. नवा पोरगा बदली म्हणून यायचा, काकाच्या नाहीतर मामाच्या साच्याशेजारी उभा राहायचा आणि बघून बघून शिकायचा. ज्याचा काका त्या खात्यात नाही, त्याने शिकायचे कुठे? हुन्नर ही अशी घरगुती मालमत्ता होऊन बसली होती. बंदीचा नियम उद्या रद्द केला तरी शिकवणार कोण, हा प्रश्न उरतच होता. तो सोडवायला सरकारी किंवा सार्वजनिक कार्यशाळाच हवी होती, जिथे प्रवेश गुणांवर आणि अर्जावर मिळेल, जॉबरच्या मर्जीवर नाही. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ पासून होती, पहिल्यांदा भायखळ्याला आणि १९२३ पासून माटुंग्याला. पण तिथे जायला आधी शाळा शिकलेली हवी. भायखळ्याच्या चाळीतला आपला पोरगा तिच्या भिंतीला लागून जात-येत असला तरी आत शिरणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.

बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक लांबलचक निवेदन दिले. त्यात शिक्षणाबद्दल त्यांनी जे मांडले आहे ते आजही वाचण्यासारखे आहे. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण पाहिजे, आणि त्याचा खर्च आपल्या पालकांच्या ताकदीबाहेरचा आहे, म्हणून तो सरकारने उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. स्वतः कायद्याचा एवढा मोठा पंडित हे लिहितो, याची नोंद घ्या. त्याच निवेदनात तांत्रिक प्रशिक्षणाचा वेगळा भाग आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने सरकारच्या हातात आहेत, तर तिथे आपली मुले उमेदवार म्हणून घ्या, अशी ती मागणी. या प्रयत्नांतून शिष्यवृत्त्यांसाठी तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. आज ज्याला आपण सरसकट ‘स्कॉलरशिप’ म्हणतो तिचे मूळ हे.

युद्धाचा काळ होता. कारखान्यांना कुशल कामगार हवे होते, म्हणून सरकारची तांत्रिक प्रशिक्षण योजना चालू होती आणि ती मजूर खात्याकडे होती. काही तरुण बेव्हिन योजनेखाली इंग्लंडलाही शिकायला गेले. युद्ध संपताना, जुलै १९४५ मध्ये, पुनर्वसन आणि रोजगाराचे महासंचालनालय निघाले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि देशभर सुमारे ५० औद्योगिक प्रशिक्षण संस्था उघडल्या. आपल्या तोंडात बसलेली ‘आयटीआय’ ती हीच.

इथे थोडे थांबून एक वेगळी बाजू सांगितली पाहिजे, कारण धंदेशिक्षण म्हटले की सगळेच चांगले असे समजायचे कारण नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी मुख्यमंत्री असताना प्राथमिक शाळांसाठी एक योजना आली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचे आणि उरलेल्या वेळात घरी बापाचा धंदा शिकायचा. वरवर बघितले तर हेही धंदेशिक्षणच! पण चांभाराच्या पोराने चामडे आणि परटाच्या पोराने कपडे, असा त्याचा अर्थ होत होता. तिथल्या द्रविड चळवळीने त्याला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून जबरदस्त विरोध केला. पेरियार रस्त्यावर उतरले. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना गुंडाळली गेली. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणात हेच मांडून ठेवले होते, की जातिव्यवस्था ही श्रमिकांचीच विभागणी आहे आणि उद्योग बदलत असताना माणसाला धंदा बदलायची मोकळीक नसेल तर तो उपाशी मरेल.

त्या भाषणात त्यांनी आपले गुरू जॉन ड्यूई यांचे ऋण मान्य केले आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकत होते. त्याच वर्षांत अमेरिकेत सरकारी हायस्कुलांवरून मोठा वाद चालला होता. कामगारांच्या मुलांसाठी धंद्याच्या वेगळ्या शाळा काढाव्यात असे एका पक्षाचे म्हणणे. ड्यूई म्हणत, तसे केले तर मजुराच्या मुलाचे नशीब शाळेतच ठरून जाईल. धंदा जरूर शिकवा, पण सगळ्यांच्या शाळेत शिकवा, आणि असा शिकवा की कामगाराला उद्योग समजेल, तो यंत्राचा नुसता भाग होणार नाही. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने तिथल्या हायस्कुलांना धंदेशिक्षणासाठी केंद्राचा पैसा मिळाला, पण वाद काही मिटला नाही. आपल्याकडेही तो मिटलेला नाही. ‘अभ्यासात कच्चा आहे, टाका टेक्निकलला’ हे वाक्य तुम्ही-आम्ही सर्वांनीच ऐकले आहे.

वास्तविक आपल्या राज्यातली तांत्रिक हायस्कुलाची पद्धत ड्यूईंच्या म्हणण्याच्या बरीच जवळची होती. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये माध्यमिक शाळांत वेगवेगळ्या शाखा आणि तांत्रिक शिक्षण सुचवले होते. महाराष्ट्रात आठवी ते दहावीचा विद्यार्थी आपल्या नेहमीच्या शाळेतच राहायचा. मराठी, गणित, विज्ञान सर्वांबरोबर शिकायचा आणि आठवड्यातले ठरलेले तास जवळच्या तांत्रिक केंद्रात जायचा. आसपासच्या शाळांची मुले तिथे एकत्र यायची. एसएससीची परीक्षा सगळ्यांची एकच. पुढे पदविकेच्या प्रवेशात अशा मुलांसाठी काही जागाही असत. त्यामुळे कॉलेजचा रस्ता बंद होत नव्हता.

ते तास ज्यांनी केले त्यांना सांगायला नको. खाकी नाहीतर निळा एप्रन, बेंच व्हाइसमध्ये पकडलेला लोखंडाचा तुकडा आणि हातात कानस. पहिले काही आठवडे नुसते घासणे. पृष्ठभाग सपाट झाला पाहिजे, कोन काटकोन झाला पाहिजे. मास्तर जॉब उजेडाकडे धरून गुण्या लावायचे. फटीतून उजेड दिसला की जॉब परत! हाताला फोड यायचे, घरी आई हळद लावायची. मग सुतारकामाचे सांधे, पत्र्याचा डबा, वायरिंगचा बोर्ड. ड्रॉइंगला टी-स्क्वेअर आणि मोठा बोर्ड लागायचा. दहा बाय दहाच्या खोलीत तो ठेवायचा कुठे, हाही प्रश्नच. पोरं खाटेखाली सरकवायची. पण वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते हे कागदावर काढायला एकदा जमले, की पुढे कारखान्यात गेल्यावर नकाशा वाचता यायचा. साध्या मजुरात आणि कुशल कामगारात फरक पडतो तो तिथे. मुलींना मात्र या तासांना फारसे कोणी पाठवले नाही. त्यांच्या वाट्याला शिवण आले. हा दोष शाळेचा तेवढाच आपल्या घरांचाही.

कारखाने तेव्हा जवळच होते. कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्स आणि मुकुंद, विक्रोळीला गोदरेज, तुर्भ्याला १९५० च्या दशकात आलेले तेलशुद्धीकरण कारखाने, पुढे खत कारखाना, आणि तिकडे अंबरनाथला संरक्षण खात्याचे कारखाने. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याची सक्ती आली. १९७३ च्या दुरुस्तीने त्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याचे कलम आले.

आणि इथेच आपल्या लोकांपुढे दुसरे दार बंद झाले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण धम्मदीक्षा घेतली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्ध माणूस अनुसूचित जातीत धरला जात नव्हता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये राज्य सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. त्यामुळे राज्याच्या आयटीआयमध्ये प्रवेश मिळत होता. पण केंद्राच्या अखत्यारीतल्या राखीव जागा, रेल्वे असो, गोदी असो की संरक्षण कारखाना, बौद्धांना नव्हत्या. एकाच बाकावर शिकून एकच प्रमाणपत्र घेतलेल्या दोघांपैकी ज्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ होते तो राखीव जागेत बसत होता आणि ज्याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ होते तो बसत नव्हता. कित्येक बापांनी मुलाचे नाव शाळेत घालताना पोटावर पाय नको म्हणून जुनीच जात लिहिली. कित्येकांनी नुकसान सोसून ‘बौद्ध’च लिहिले. पहिल्यांना कोणी नावे ठेवू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. घरात विहाराची पुस्तके आणि दाखल्यावर दुसराच धर्म, ही ओढाताण त्यांनी हौसेने घेतलेली नव्हती. १९९० मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. मधे चौतीस वर्षे गेली, म्हणजे आयटीआयची अख्खी एक पिढी.

सवलत आली तोवर कारखाने आटायला लागले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या फिरून पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. पुढे उपनगरातले कारखानेही बंद पडत गेले नाहीतर बाहेर गेले. टर्नरचे प्रमाणपत्र घेऊन सुरक्षारक्षकाची नोकरी करणारी माणसे प्रत्येक चाळीत दिसू लागली. सरकारने १९८८ नंतर अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, आणले. त्यात मुलीही आल्या. पण शिक्षक कंत्राटी, यंत्रे जुनी आणि शेजारी कारखाना नाही, अशा स्थितीत फार थोड्या ठिकाणी ते धडपणे चालले. ज्यांनी रेफ्रिजरेशन, इलेक्ट्रॉनिक्स किंवा वायरमन केले त्यांचे बरे चालले, कारण ते काम कारखान्यावर अवलंबून नव्हते, घरोघर होते.

आज दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय करणाऱ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. आपल्या पालकांपैकी पुष्कळांना हे माहीत नसते. त्यांना वाटते आयटीआय झाले म्हणजे शिक्षण संपले. आयटीआयचे अर्ज आता ऑनलाइन भरतात. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका यांवरचे नाव एकसारखे नसेल तर तिथेच गाडी अडते. दहावीच्या निकालानंतर विहारात बसून आपली तरुण मंडळी हे अर्ज भरून देतात. ज्यांच्या घरी मुलगा किंवा मुलगी नववीत आहे त्यांनी दाखल्यावरची नावे आत्ताच तपासून घ्यावीत. दुरुस्तीला महिने लागतात.