शूर्पणखेची बाग

नाशिकचं नाव नाकावरून पडलं असं लोक सांगतात. पंचवटीत लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं, म्हणून. कापणारा पूजेला बसला, जिचं कापलं ती राक्षसी ठरली. तिचा गुन्हा काय? मनातलं तोंडावर बोलली. भावाला भडकवून झालं की पोथीला तिची गरज उरत नाही. पुढं ती जगली कशी, कोण विचारतो?

तेलुगू लेखिका व्होल्गा यांनी विचारलं. त्यांच्या 'विमुक्त' कथांना २०१५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातली शूर्पणखा आधी रागानं जळते. मग मातीत हात घालते, बाग फुलवते, सुखानं राहते. नवऱ्यानं टाकलेली सीता तिला भेटते आणि दोघींचं जमतं.

याच पंचवटीत २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. आपल्या बायाही त्यात होत्या. दार उघडलं नाही. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी तो धर्मच सोडायचं जाहीर केलं.

ज्यांनी नाक कापलं त्यांच्या दारात किती दिवस उभं राहायचं? बाग आपली आपणच लावायची असते, बायांनो.