वाढ

संस्कृतातल्या 'वृध्' धातूपासून प्राकृतात 'वड्ढ' आलं आणि मराठीत 'वाढ'. वृद्ध, वर्धापन हे त्याच घरचे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतलं पहिलंच सूत्र 'वृद्धी' ही संज्ञा सांगतं. तिथे ती आ, ऐ, औ या स्वरांची. धर्मशास्त्रात व्याजही वृद्धीच. मराठीत मूल वाढतं आणि आई भाकरीही वाढते.

मापं मात्र निराळी. जंतूंची वाढ त्यांची संख्या दुप्पट व्हायला लागणाऱ्या वेळात मोजतात. वनस्पतिशास्त्रज्ञ रोप वाळवून तोलतात, कारण पाण्याने आलेला फुगवटा त्यांच्या हिशेबी वाढ नव्हे. जनगणनेत बीड जिल्हा २००१ च्या २१,६१,२५० वरून २०११ मध्ये २५,८५,०४९ वर गेला, वाढ १९.६ टक्के. त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. हे दोन आकडे नेहमी शेजारी छापावेत.

सगळ्यात नाजूक माप मुलाचं. वयाच्या मानाने उंची कमी, तर उपासमार जुनी. उंचीच्या मानाने वजन कमी, तर बहुधा अलीकडची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषण. पण वाढ एका वजनात दिसत नाही, दोन नोंदींमधल्या रेषेत दिसते. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाबरोबर बीडचं लेकरू कारखान्याच्या तळावर जातं, तेव्हा ही रेषाच तुटण्याचा धोका असतो. त्याचा वाढीचा तक्ता त्याच्यासोबत गेला पाहिजे, आणि तिथल्या अंगणवाडीने पुढचा ठिपका त्यावरच मांडला पाहिजे.