लेथ प्रश्न विचारू लागला

औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये नांगरांचा कारखाना घातला. पुढे सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. सातारा-सांगलीकडची शेतावरची पोरे अशा कारखान्यांत लेथवर उभी राहिली. शिक्षण म्हणाल तर मिस्त्रीशेजारी उभे राहायचे आणि कान उघडे ठेवायचे. टूल बोथट झाले की आवाज बदलतो, ही गोष्ट वहीत उतरवून कळत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीने 1952 मध्ये आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. त्याच्या सूचना कागदी फितीवरच्या भोकांत असत. त्यातूनच पुढे सीएनसी आले आणि जी-कोडही. जी-शून्य-एक म्हणजे सरळ रेषेत काप, एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे लांबी. गोलाई आली की गणित आले. मिस्त्री मागे पडला, गणितवाला पुढे गेला.

जपानच्या माझाक कंपनीने 1981 मध्ये 'माझाट्रोल' आणले आणि लेथच प्रश्न विचारू लागला. धातू कोणता? बाहेरचा व्यास किती? आटे कुठून कुठवर? उत्तरे भरली की टूलचा मार्ग यंत्र स्वतः ठरवते. कुपवाडच्या एका शेडमध्ये असाच जुना, वापरलेला लेथ आला, तेव्हा मी शिकायला बसलो. प्रश्न इंग्रजीत होते; पण ते टर्नरचेच होते. ड्रॉइंग वाचता येणाऱ्याला दोन दिवसांत साधा जॉब काढता येई.

एक रकाना मात्र मुकाट्याने भरण्यासारखा नाही: कमाल फेरे. कापाचा वेग कायम ठेवायचा, तर टूल मध्याकडे सरकेल तसे यंत्र फेरे वाढवत जाते. फेरे वाढले की चकच्या जबड्यांची पकड सैल होते. पंपाचे ओबडधोबड ओतीव कव्हर असेल, तर ते सुटून दाराच्या काचेवरही येऊ शकते. यंत्र आकडा मागते. जॉब किती डगमगतो, हे ते विचारत नाही. आमच्याकडच्या साठीतल्या टर्नरला की-बोर्डचा कंटाळा. जॉब चकात धरला की तो हाताने फिरवून पाहायचा आणि पोराला सांगायचा, "आठशेच्या वर लिहू नको." पोरगा लिहायचा.