एका पुराणाच्या प्रती

संगणकावर काम करणारे आज ‘बॅकअप’ हा शब्द सहज उच्चारतात. कामाची दुसरी प्रत काढावी, ती मूळ यंत्रापासून दूर ठेवावी आणि यंत्र बिघडल्यास तिच्यावरून सारे पूर्ववत उभे करावे, हा त्याचा अर्थ. यंत्र नवे, चिंता मात्र जुनी. मराठी वाङ्मयात तिचे ठळक उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण होय.

भाईंदरजवळची डोंगरी ज्या साष्टीत मोडते ती ठाण्याकडची. तेथील ख्रिस्ती घरांतूनही मराठी नांदते. स्टीफन्स यांची साष्टी निराळी, गोव्याची. नामसादृश्यामुळे पुष्कळांची गल्लत होते. या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण मराठीत रचले; मराठी लिपीचे खिळे नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावे लागले. १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. एवढ्याने ग्रंथ सुरक्षित झाला, असे कोणासही वाटले असते! परंतु तिन्ही आवृत्त्या गोव्यातच निघालेल्या, आणि १६८४ साली पोर्तुगीज सरकारने तेथील देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. आज त्या छापील ग्रंथाची एकही प्रत ज्ञात नाही.

वाचल्या त्या हाताने उतरलेल्या पोथ्या. गोवे सोडून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानड्यात गेली. तेथेही स्वस्थता नव्हती. १७८४ मध्ये टिपूने त्या लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेले. तरीही पुढे सव्वाशे वर्षांनी जोसेफ साल्ढाणा यांना पोथ्या मिळाल्या. त्या परस्परांशी ताडून त्यांनी १९०७ साली मंगळुरास ग्रंथ पुन्हा छापला. एका नकलकाराचा प्रमाद दुसऱ्याच्या प्रतीने उघडा पडतो. एकाच प्रतीवर विसंबणारास ही सोय नसते. देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यात काढली.

लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहातही एक देवनागरी पोथी आहे. मंगळुरी पाठात जेथे पोर्तुगीज शब्द येतात, तेथे हिच्यात बहुधा संस्कृत शब्द आढळतात. स्टीफन्स यांचे मूळ शब्द कोणते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. निवाडा करू शकेल अशी १६१६ ची प्रत अद्याप सापडलेली नाही.